ब्लेडेड जिग आपल्या खाडीत चालतो का, कोणता घ्यायचा आणि घरी कसा बनवायचा

प्रश्न विचारणारा मुलगा ऐरोलीचा आहे. बास (परदेशात गळाने धरतात तो गोड्या पाण्यातला मासा) फिशिंगचे व्हिडिओ बघून त्याने १४ ग्रॅमचा ब्लेडेड जिग, म्हणजे नाकाला धातूचं पातं लावलेला लुअर (नकली आमिष), ऑनलाइन मागवला, दोन रविवार खाडीत मारला, पातं कधी थरथरतं कधी नाही, मधेच अख्खा लुअर गोल गोल फिरत येतो आणि मासा शून्य. त्याला तीन गोष्टी विचारायच्यात, की हा प्रकार आपल्याकडे चालतो का, भारीतला घ्यावा का, आणि घरी बनवता येईल का.

चालतो. मी ठाण्याचा, कोपरीला राहतो, गळ हातात आला तेव्हा शाळेत होतो आणि आता माझा मुलगा कॉलेजला आहे, त्यातली गेली आठ-नऊ वर्षं हा जिग माझ्या डब्यात कायम असतो. बास आपल्या खाडीत नाही, ते सोड, पण जिताडा आहे, तांबोशी आहे, आणि आतल्या गोड्या पाण्यात मरळ आहे. तिघेही दबा धरून बसणारे आणि पुढ्यातून काहीतरी थरथरत गेलं की तोंड उघडणारे. शिवाय आपलं पाणी कसलं आहे बघ, चहा बरा, वीतभर खाली टाकलेला हात दिसत नाही. अशा पाण्यात मासा डोळ्यांवर कमी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेवर जास्त शिकार करतो, म्हणजे पाण्यातली थरथर त्याला अंगाला जाणवते. ब्लेडेड जिग बनलाच आहे थरथर करायला, त्यामुळे उलट स्वच्छ पाण्यापेक्षा आपल्या गढूळ खाडीतच तो जास्त शोभतो असं माझं मत आहे.

आता तुझं पातं का चालत नाही. मला आधी एक सांग, तू उभा कुठे होतास आणि पाणी कुठून कुठे चाललं होतं? कारण तू ज्यांचे व्हिडिओ बघतोस ते लोक तळ्यात गरवतात, तिथे पाणी उभं असतं, लुअर ओढला की पाणी त्याच्या अंगावर येणारच. आपल्या खाडीत ओहोटी लागली की पाणी नदीसारखं पळतं. तू जर प्रवाहाच्या वरच्या अंगाला कास्ट मारलास आणि प्रवाहाच्याच वेगाने गुंडाळत आणलास तर पाण्याच्या दृष्टीने तुझा लुअर जागचा हललेलाच नाही, पाणी आणि लुअर दोघं गप्पा मारत बरोबर चाललेत, मग पातं कशाला हलेल? हे मला स्वतःला कळायला एक अख्खा सीझन गेला. मी जिगला शिव्या देत होतो, तीन बदलले, चौथाही तसाच. एकदा कंटाळून जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तोच जिग प्रवाहाला आडवा मारला आणि पहिल्या दोन वळशांतच रॉडच्या टोकाला झिणझिण्या आल्या. शेजारी पाग घेऊन बसलेले काका हसत म्हणाले, "काय रे, जागा बदलल्यावर सुरू झालं का तुझं मशीन?"

म्हणून पहिली गोष्ट, कास्ट प्रवाहाला आडवा, थोडासा वरच्या अंगाला चालेल, आणि लुअर वळून खाली येताना प्रवाहाविरुद्ध खेचला जातो तो तुकडा सोन्याचा. तिथेच मासा लागतो. अगदी सरळ खालच्या अंगाला टाकून प्रवाहाविरुद्ध आणलास तर पातं झकास चालेल पण मासा प्रवाहाकडे तोंड करून बसलेला असतो, खाणं त्याच्याकडे वाहत येतं अशी त्याची सवय, मागून शेपटीकडून आलेल्या गोष्टीला तो दचकतो. आडवा हा मधला मार्ग.

दुसरी गोष्ट म्हणजे लुअर गोल फिरणं, आणि इथे खरा मुद्दा आहे. ब्लेडेड जिग म्हणजे काय, शिशाचं डोकं, त्यात गरी, डोक्याच्या नाकातून बाहेर आलेला गरीचा डोळा, आणि त्या डोळ्यात अडकवलेलं षटकोनी स्टीलचं पातं. पात्याला दोन भोकं, एक डोळ्यात जातं, दुसऱ्याला स्नॅप (तारेची छोटी क्लिप) लावून लाइन. ओढलं की पाणी तिरक्या पात्यावर आदळतं, पातं एका बाजूला ढकललं जातं, पण पुरतं जाऊ शकत नाही कारण मागे डोकं आहे, त्याला टक्कन आपटतं आणि परत दुसऱ्या बाजूला. टक टक टक टक. म्हणजे डोकं हे नुसतं वजन नाहीये, ते पात्याला अडवणारी भिंत आहे. आता स्वस्तातल्या जिगमध्ये काय करतात, पातं आणि डोळा यांच्यामध्ये भलीमोठी स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या जुडग्यासारखी दुपदरी कडी) टाकतात. रिंग मोठी म्हणजे पातं डोक्यापासून लांब, लांब म्हणजे भिंत नाही, भिंत नाही म्हणजे पातं एका बाजूला जे जातं ते जातंच आणि सगळा जिग घेऊन फिरतं. तुझा फिरतोय तो बहुतेक ह्यामुळेच.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. स्नॅपला धरून जिग हवेत लटकव, डोकं बोटाने स्थिर धर आणि पातं डावी-उजवीकडे हलव. दोन्ही बाजूला पात्याची कड डोक्याला टेकली पाहिजे, आणि आवाज आला पाहिजे, मऊ नाही, चांगला कडक टिक. न टेकता पुढे निघून गेलं तर रिंग मोठी. आणि हललंच नाही, अडकून बसलं, तर रिंग लहान किंवा भोकात रंग साचलाय, तो सुईने खरवडून काढ. रिंग बदलायला फार काही लागत नाही, स्प्लिट रिंगची पक्कड आणि दोन-तीन साइझच्या रिंगा, एकेक लावून टिक ऐकायची. माझ्याकडचे निम्मे चालणारे जिग हे असे दुरुस्त केलेलेच आहेत.

महागडा घ्यावा का, याचं उत्तरही ह्यातच आलं. मूळ चॅटरबेट काढलं ते अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या रॅड ल्युअर्सच्या रॉन डेव्हिस यांनी, पुढे ते नाव झी-मॅन कंपनीकडे गेलं. चॅटरबेट हे कंपनीच्या मालाचं ब्रँड नाव आहे बरं का, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं, म्हणून बाकीचे लोक ब्लेडेड जिग किंवा व्हायब्रेटिंग जिग म्हणतात. त्यांचा जॅकहॅमर, जो जपानच्या एव्हरग्रीन कंपनीबरोबर आणि ब्रेट हाइट ह्या टूर्नामेंटवाल्या अँगलरला घेऊन केला, तो तिकडेच महाग मिळतो, इकडे येईपर्यंत विचारू नको. त्यात भारी काय आहे? मध्ये रिंगच नाही, पातं थेट डोक्याला जोडलेलं, गरी जाड तारेची आणि टोकदार, आणि अगदी हळू ओढलं तरी पातं सुरू होतं. पैसे जोडाचे आणि गरीचे आहेत, रंगाचे नाहीत. माझा सल्ला, एक घे. फक्त एक. मासे मारायला नाही, हाताला कळायला, की बरोबर चालणारं पातं रॉडमध्ये कसं लागतं. मग बाकीचे स्वस्तातले घे किंवा बनव आणि त्या एकाशी ताडून बघ. तो एक कालवांच्या पिलरजवळ नेऊ नको मात्र, मी माझा पहिला वाशीच्या बाजूला तिसऱ्या कास्टला घालवला, आणि ते दुःख अजून आहे.

वजनाचं सांगतो. खाडीच्या कडेला, जिथे कमरेएवढं ते पुरुषभर पाणी आहे, तिथे १० ग्रॅम. पाणी जोरात असेल किंवा जेट्टीवरून खोलात टाकायचा असेल तर १४. मरळसाठी ७ पुरे. तुझ्याकडे १४ आहे तो वाईट नाही, पण भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी मंद असतं तेव्हा हळू ओढला की तळाला चिखलात जाईल, आणि चिखलात गेलेलं पातं भोकात माती धरून बंद पडतं.

आता बनवायचं. मी सगळं घरी करतो असं सांगून शायनिंग मारणार नाही, काही गोष्टी विकतच घेतो, स्कर्ट (डोक्यामागे लावायची रबरी धाग्यांची झालर), स्नॅप, रिंगा, गऱ्या. बनवतो ते डोकं आणि पातं.

पात्यापासून सुरुवात. स्टेनलेस स्टीलचा पत्रा, २२ गेजच्या आसपासचा म्हणजे साधारण ०.८ मिलीमीटर जाडीचा, वागळे इस्टेटमध्ये ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडे मिळतात, भंगारातलेच, चहापाण्यात काम होतं. त्याहून पातळ घेतलास तर जिताडा वाकवतो, आणि टिकचा टुक होतो. विकतच्या पात्याचा कागदावर ठसा काढून पत्र्यावर चिकटवायचा, कातरीने कापायचं, मग कानस. इथे घाई नको. आधी भोकं पाड, मग कडा घास, मग वरचा भाग वाकव, ह्याच क्रमाने, कारण वाकवल्यावर ड्रिलखाली पातं धरता येत नाही आणि बोटं जातात. दोन्ही भोकं बरोबर मध्यरेषेवर हवीत, केसभर चुकलं तरी जिग एका बाजूला पळतो, मी पेन्सिलने उभी रेघ मारतो आणि सेंटर पंचने खूण करतो. वाकवायचं व्हाइसमध्ये धरून, एकदाच, हातोडीचा हलका फटका. किती वाकवायचं तर समोर ठेवलेल्या विकतच्या पात्याएवढं. जास्त उभं केलं तर पाणी जास्त धरतं, हळू ओढला तरी चालतं पण जोरात ओढलं की बावचळतं. कमी केलं तर उलटं.

आणि भोकाच्या कडा आतून गुळगुळीत कर. पॉलिश पेपरची सुरळी करून फिरव. लाइन कधीही थेट पात्याच्या भोकात बांधायची नाही, कितीही घासलं तरी, पत्र्याची कड ती, दहा-पंधरा कास्टमध्ये गाठ खाते. मध्ये स्नॅप किंवा जाड स्प्लिट रिंग पाहिजेच. स्वस्त जिगबरोबर येणारा नाजूक स्नॅप पहिल्या दिवशी काढून फेक, जिताड्याने डोकं झटकलं की तो सरळ होतो आणि तू किनाऱ्यावर मोकळी लाइन बघत बसतोस.

डोक्यासाठी शिसं. कोळी लोकांच्या जाळ्याच्या दुकानात जाळ्याला लावायची शिशाची वजनं मिळतात, ती सगळ्यात चांगली. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं फुकट मिळतात म्हणून आणू नको, त्यात आता जस्ताची पण असतात, शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४२० च्या आसपास, दोन्ही मिसळलं की ओतच बिघडतो, साच्यात नीट भरत नाही. साचा मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा करतो, विकतच्या डोक्याचा ठसा घेऊन. गरीचा डोळा नाकातून पुढे तिरका निघाला पाहिजे, साध्या जिगहेडसारखा डोक्यावरून उभा नाही, नाहीतर पातं डोक्यासमोर न बसता टोपीसारखं वर बसतं आणि आपटायला काही राहत नाही. डोक्याचं जास्त वजन खालच्या बाजूला हवं, म्हणजे बोटीच्या तळासारखं, गोल गोटीसारखं केलं की लोळतो. आणि नाकापाशी, पातं जिथे आपटतं तिथे, छोटी सपाट जागा कानशीने करून घे. रंग मारायच्या आधी हं.

शिशाचं काम स्वयंपाकघरात करायचं नाही. हे मी दोनदा लिहितोय असं समज. धूर वाईट, लहान मुलांना तर फारच, भांडं परत कशालाच वापरायचं नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. आणि साचा कोरडा, म्हणजे कोरडा म्हणजे कोरडाच. मी एकदा जुलैमध्ये गच्चीवरच्या शेडखाली ओतायला बसलो, साचा वरून कोरडा वाटत होता, पण पावसाळी हवेत प्लास्टर आत ओल धरतं, गरम शिसं आत गेलं आणि आतल्या ओलीची वाफ झाली, फट्ट करून शिशाचा थेंब वर उडाला आणि चष्म्याच्या काचेवर चिकटला. चष्मा नंबरचा होता म्हणून घातलेला, अक्कल होती म्हणून नव्हे. तो चष्मा अजून ठेवलाय. तेव्हापासून पावसाळ्यात ओतकाम बंद, डोकी मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवतो, आणि साचा आधी ओव्हनमध्ये तापवून घेतो, जो ओव्हन जुना आहे आणि त्यात केक होत नाही.

रंगासाठी पावडर पेंट सर्वात टिकाऊ. डोकं गरम करून पावडरमध्ये बुडवायचं, मग त्याच ओव्हनमध्ये १७५ अंशाला पंधरा-वीस मिनिटं. त्याआधी डोळ्यात आणि गरीच्या टोकावर पावडर गेली असेल तर पुसून टाक. एवढं नको असेल तर बायकोचं, सॉरी, दुकानातलं नेलपॉलिश दोन हात मार, चालतं, फक्त पातं आपटून आपटून नाकावरचा रंग दोन दिवसांत जातो. जाऊ दे. माशाने अजून तक्रार केलेली नाही.

रंग कुठले, तर तीन. पांढरा-चंदेरी म्हणजे बोय. करडा-हिरवट-मातकट म्हणजे निवटी आणि कोळंबी, हा माझा खाडीतला पहिला हात. आणि काळा-निळा, पावसाळी अगदी राबडी पाणी असतं तेव्हा किंवा अंधार पडताना, कारण गढुळात काळ्याची आकृती उठून दिसते. याच्या पलीकडे जे पन्नास शेड दुकानात टांगलेत ते आपल्याला पकडायला आहेत.

स्कर्ट गरीच्या वळणापर्यंत काप, त्याहून लांब ठेवला तर मासा शेपटी ओढून जातो. जिताड्यासाठी मी स्कर्टचे निम्मे धागे काढून टाकतो किंवा स्कर्टच लावत नाही, नुसता ४ इंची बारीक अंगाचा रबरी मासा मागे, ह्यालाच ट्रेलर म्हणतात. ट्रेलरची शेपटी फार मोठी नको. मोठी पॅडल शेपटी मागून पाणी धरते, लुअरला वर उचलते आणि पात्याची थरथर खाऊन टाकते, दोन इंजिनं एकमेकांविरुद्ध लावल्यासारखं होतं. आणि ट्रेलर सरळ बसव. जिग डावी-उजवीकडे पळत असेल तर पातं वाकवायला बसण्याआधी ट्रेलर बघ, बहुतेक वेळा तोच तिरका बसलेला असतो.

रॉडचं थोडक्यात. टोकाला नरम, मध्ये जीव असलेली ७ फुटी, कारण आपण सगळे ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, वापरतो, ब्रेड ताणत नाही, रॉडही काठीसारखी कडक असली तर मासा तोंड मिटायच्या आत आपण गरी ओढून काढतो. ३० पाउंडाची ब्रेड, पुढे ४० चा लीडर (लुअरजवळचा जाड लाइनचा तुकडा), जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते म्हणून. ४००० साइझची स्पिनिंग रील चालते, बेटकास्टर (रीलचा दुसरा प्रकार) नाही म्हणून काही अडत नाही.

वेळ. उधाणाच्या दिवसांत भरती पूर्ण होऊन उतरायला लागली की पहिले दोन तास. खारफुटीतलं पाणी चिऱ्यांमधून, म्हणजे बारीक ओहळांमधून, बाहेर यायला लागतं, त्याबरोबर बोयची पिल्लं आणि कोळंबी, आणि तोंडाशी जिताडा. अ‍ॅप नसेल तर जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, ठाण्याकडे आत येईपर्यंत अजून थोडा उशीर. पाण्यात पडल्या पडल्या गुंडाळायला सुरुवात कर, एकसारखं, आणि मधेमधे रीलचा अर्धा वळसा जोरात. तेवढ्या झटक्याने पातं क्षणभर ताल सोडतं, लुअर बाजूला निसटतो, आणि बऱ्याचदा फटका त्याच वेळी बसतो.

ह्या जिगला गवत अडवणारी तार सहसा नसते, त्यामुळे खारफुटीच्या मुळांत घालायचा नाही, मुळांच्या कडेने समांतर आणायचा. मरळच्या तळ्यात जलपर्णी असेल तर हा विसर आणि रबरी बेडकाचा लुअर लाव, मोकळी कड असेल तरच हा. आणि पावसाळ्यात वर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात, त्यांच्यावर टाकू नको, लागतो पटकन पण मागे सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

जागेचं एक. ऐरोली पूल ते वाशी पूल ह्या पट्ट्यात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली. तिथे हद्द बघितल्याशिवाय गळ टाकू नको, आणि कुठेही असलास तरी ओहोटीला चिखलात उतरून अडकलेला जिग सोडवायला जाऊ नको, मांडीपर्यंत जातोस आणि भरती तुझी वाट बघत थांबत नाही. तोडायची लाइन. पाच-सहा रुपयांचं शिसं आणि एक गरी.

घरी आल्यावर जिग गोड्या पाण्यात बुडवून, झटकून, उघड्यावर वाळव, डब्यात ओला ठेवलास तर पुढच्या रविवारी गरी चहाच्या रंगाची झालेली असेल आणि गंज स्कर्टलाही लागेल. आणि आधी ती रिंग बदल, टिक ऐक, मग येत्या उधाणाला प्रवाहाला आडवा मार. तरी फिरला तर पात्याचा समोरून आणि बाजूने असे दोन फोटो टाक, ट्रेलर काढून.